बोरटेकची दोनशे चौदा जनावरं

भागिरथीमावशीबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक कबूल करावी लागते, आणि चुका कबूल करण्याची मला अजिबात हौस नाही. शेवगावात बसस्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, छपाई, आणि कुणी सांगितलंच तर छोटे-मोठे प्रोग्रॅम. ‘मुबश्शिराच्या हातून काम चुकत नाही’ असं लोक म्हणतात आणि मी त्यांना ते खुशाल म्हणू देते. त्या शुक्रवारी मात्र माझ्या हातून एक अख्खं गाव गायब झालं, आणि ते नेमकं मावशीचं होतं.

मावशी बोरटेकची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, सातवी शिकलेली. गावात ती पशुसखी आहे, म्हणजे जनावरांना लस टोचायची, कानातल्या बिल्ल्याचे नंबर लिहून घ्यायचे, किरकोळ दुखणीखुपणी बघायची आणि मोठं काही असलं तर जनावरांच्या सरकारी डॉक्टरांना फोन करायचा. खांद्याला लशीचा निळा डबा अडकवून ती वीस वर्षं वस्त्या-वस्त्या चालत आली आहे. नवरा भीमराज टेम्पो चालवतो, पण मावशी म्हणते, टेम्पोतून गोठे दिसत नाहीत.

तिची एक पद्धत आहे. जनावर आजारी पडलं म्हणून कुणी बोलावलं की ती त्या जनावराकडे जेमतेम बघते आणि थेट शेजारच्या गोठ्यात शिरते. लोक चिडतात. आमची म्हैस इथं आडवी पडलीय आणि ही बाई तिकडं कुठं चाललीय! मावशीचं म्हणणं असं, “आजाऱ्याकडं टक लावून काय कळतंय? तोच चारा खाल्लेलं शेजारचं बरं का हाय, ते आदी बघावं.” दोघांत फरक कशाचा आहे, एवढंच ती शोधत बसते.

सुरुवातीला हे गोठे तिला सहज उघडे नव्हते. बौद्ध वस्तीतली बाई आत येणार म्हणून काही घरं जनावर बाहेर अंगणात आणून बांधायची. त्यात राहीबाई सगळ्यात पुढं. सुई टोचून झाली की ती तेवढी जागा पाण्यानं धुवून काढायची. मावशी हे सांगते तेव्हा आवाज चढवत नाही, मला मात्र ऐकतानाच राग येतो. मग एका दुपारी राहीबाईची गाय अडली, वासरू आडवं आलेलं, आणि डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. राहीबाईनं स्वतः गोठ्याचं फाटक उघडलं. “तिला फाटक उघडाय पाच वर्सं लागली आन् वासराला भाईर याया दोन तास,” असं सांगून मावशी खळखळून हसते. तेव्हापासून त्या घरात तिला चहा मिळतो, तोही घरातल्यांच्या कपात.

आता गोष्ट त्या शुक्रवारची. जनावरांमध्ये लंपीची साथ आली आणि आमच्याकडचे जनावरांचे बाजार बंद झाले. आमचा बाजार काही घोडेगावएवढा मोठा नाही, पण आजूबाजूच्या अकरा गावांचं त्यावर चालतं. चार महिन्यांनी तो उघडायची परवानगी आली ती एका अटीवर: लस झालेलंच जनावर आत सोडायचं. प्रत्येक गावाच्या पशुसखीनं किंवा लसवाल्यानं नंबरांची यादी द्यायची, फाटकावर कॉम्प्युटर ठेवायचा, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर टाकायचा. यादीत असला तर ‘होय’, नसला तर ‘नाही’. तो प्रोग्रॅम करायचं काम माझ्याकडे आलं.

याद्या आल्या त्या फाईल होऊन. कुणी दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाईप केल्या, कुणी मोबाईलवर. आपल्याकडे कोरा कागद कोराच सुरू करायची कुणाला सवय नाही. कुणी वर ‘श्री’ लिहिलं होतं. माझ्या मामूंनी त्यांच्या गावाच्या यादीवर ‘७८६’ टाकलं होतं. श्रीरामपूरकडून लग्न होऊन आलेल्या एका ताईनं अधिकचं चिन्ह टाकून क्रूस केला होता. माझा प्रोग्रॅम यातल्या कशालाही जनावराचा नंबर समजू नये म्हणून मी त्याला एक नियम शिकवला: पहिली ओळ बरोब्बर बारा आकडी नसेल, तर ती मथळा समजून सोडून दे. नियम करताना मी स्वतःवर फार खूश होते.

मावशीकडे मोबाईलही नव्हता आणि कॉम्प्युटरही. तिच्याकडे होतं पिस्तूल. बिल्ल्यावरच्या काळ्या रेघा वाचणारं ते जुनं यंत्र एका संस्थेनं कधीतरी तिच्या बचत गटाला दिलं होतं. बारा बारीक आकडे आता तिच्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण कानाजवळ पिस्तूल धरून घोडा दाबला की ‘टीं’ वाजतं आणि नंबर यंत्राच्या पोटात जातो. यादीच्या वर तिला ‘जय भीम’ हवं होतं. पिस्तुलाला अक्षरं लिहिता येत नाहीत, म्हणून मी रोमन अक्षरांतल्या ‘जय भीम’चं रेघांचं लेबल छापून दिलं. ते तिनं डब्याच्या झाकणावर चिकटवलं. यादी सुरू करताना पहिली ‘टीं’ त्याची, मग गायी-म्हशींची.

गुरुवारी मी तिच्या पिस्तुलातली यादी केबल लावून उतरवून घेतली, उघडून बघितली. वर मथळा, खाली नंबराखाली नंबर, सगळं नीट. अकराही गावांच्या फाईली प्रोग्रॅमला दिल्या. एकूण आकडा चांगला दोन हजारांवर गेला. गावागावाचा आकडा वेगळा बघायची बुद्धी मला झाली नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला फाटकावरून गोरक्षनाथचा फोन. हा बाजाराचा माणूस. फाटकही त्याचं आणि भोंगाही त्याचाच. “म्याडम, बोरटेकचं एक बी जनावर लागंना. चौदा आली, चौदाच्या चौदा ‘न्हाई’. बाकीची गावं झ्याक चालल्याती.”

मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघितलं. बोरटेक: शून्य.

“डाक्टरसायेब हितंच हायेत,” गोरक्षनाथ आवाज खाली आणून म्हणाला. “ते कागुद लिहाय लागल्यात. लस कुनाला टोचलीच न्हाई, बाईनं घरी बसून सगळं केलं, आसं म्हनत्यात. दुपारी वर पाठवणार. तिचं काम बंद. आन् मला भोंग्यावर सांगाया लावलं, बोरटेकची नोंद शून्य हाय, रांगेत उभं ऱ्हाऊ नका. म्या काय करू? सांगितलं.”

भोंगा बाजारभर ऐकू जातो. वीस वर्षं चालून कमावलेलं नाव भोंग्यावरच्या एका वाक्यात गेलं. 

नऊ वाजता भीमराजचा टेम्पो दुकानासमोर थांबला आणि मावशी पिस्तूल घेऊन उतरली. रडलेली नव्हती, चिडलेली होती. “राहीबाईची गाय बी म्हागारी लावली पोरी. म्हातारी फाटकावर ओरडतीया, ‘शिंगं म्या धरली हुती, सुई हिनं मारली, आन् तुमी न्हाई कसं म्हन्ता?’ कोन ऐकतंय तिचं?”

मी फाईल उघडली. नंबर डोळ्यांसमोर होते, एकाखाली एक, सगळे. प्रोग्रॅमला विचारलं: शून्य. पुन्हा विचारलं: शून्य. बाकीच्या दहा फाईली नीट आणि हीच एक नाही. मग मला सुचलं ते सांगायची लाज वाटते. दहांपेक्षा हिच्यात वेगळं काय? मथळा! बाकी कुणाचा मथळा ‘जय भीम’ नव्हता. मी घाईघाईत म्हणाले, “मावशी, ते वरचं जय भीम काढून टाकू या का? त्यानंच काहीतरी होतंय बहुतेक.”

मावशी खुर्चीवर बसली होती ती उठली. मला वाटलं आता निघून जाते. ती म्हणाली, “श्री चालतंय?”

“चालतं.”

“तुज्या मामूचं चालतंय?”

“चालतं.”

“मंग माजंच कसं चालंना?” तिनं माझ्या छपाईच्या मशीनकडे बोट केलं. “आसं कर. श्रीचं लेबल छाप. ते माज्या पिस्तुलानं मार. खाली दोन नंबर मार. त्ये चाललं तर मानते, खोट जय भीममदी हाय. न्हाई चाललं तर खोट पिस्तुलात हाय.”

 चार वर्षं कॉलेजात घालवून जे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं, ते सातवी शिकलेल्या बाईनं सांगितलं होतं. ती आजारी जनावर सोडून शेजारच्या गोठ्यात शिरली होती.

लेबल छापलं. ‘टीं’. खाली नमुन्याचे दोन बिल्ले, ‘टीं’, ‘टीं’. फाईल उतरवून प्रोग्रॅमला दिली. शून्य.

“पिस्तूल,” मावशी म्हणाली आणि खुर्चीवर परत बसली.

मग माझी ट्यूब पेटली. फाईल डोळ्यांना कशी दिसते ते सोडून दिलं आणि तिच्यातली प्रत्येक खूण आकड्यांत दाखवणारी खिडकी उघडली. तिथं सगळं उघडं पडलं होतं.

कागदावर ओळ संपली की आपल्याला दिसतं. कॉम्प्युटरला ते दिसत नाही, त्याला सांगावं लागतं. त्यासाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन खुणा असतात, एकीचा नंबर तेरा, दुसरीचा दहा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाईप केलेली फाईल ओळ संपताना तेरा आणि दहा अशी जोडी टाकते. मोबाईल नुसता दहा टाकतो. आणि मावशीचं पिस्तूल प्रत्येक नंबरानंतर नुसतं तेरा टाकत होतं. माझा प्रोग्रॅम ओळी तोडायचा तो फक्त दहावर. जोडी असली तर मागं उरलेलं तेरा झटकून टाकायचा, म्हणून दोन्ही तऱ्हेची गावं निभावली. बोरटेकच्या फाईलीत दहा एकही नव्हता. प्रोग्रॅमला ती अख्खी यादी म्हणजे एकच लांबलचक ओळ वाटली. पहिली ओळ. बारा आकडी नाही. म्हणजे मथळा. म्हणजे सोडून दे. दोनशे चौदा जनावरं माझ्या त्या हुशार नियमानं एका घासात गिळली होती, आणि साधी सूचनासुद्धा दिली नव्हती. शिवाय ज्या खिडकीत मी फाईल बघत होते ती तिन्ही तऱ्हा मुकाट्यानं ओळखते, त्यामुळे मला सगळं नीट दिसत राहिलं.

हे मी मावशीला सांगितलं. लपवलं नाही. “मावशी, पिस्तुलाचीही चूक नाही. ते त्याच्या रीतीनं बरोबरच बोलत होतं. माझ्या प्रोग्रॅमला ती रीत माहीत नव्हती. चूक माझी आहे.”

“मंग शिकीव की त्याला,” ती म्हणाली. “दहा वाजल्यात.”

मी बसले. प्रत्येक तेराचा दहा करून टाकायचा, मग ओळी तोडायच्या. दोन मिनिटांचं काम. चालवलं. बोरटेक: दोनशे चौदा! मी ओरडलेच. मावशी मात्र पडद्यावरची बाकीची गावं बघत होती. तिचे डोळे अधू आहेत, म्हणून मी आकडे मोठे करून ठेवले होते.

“निंबेवाडीला एकशे पंच्यान्नव?” ती म्हणाली. “निंबेवाडीत एवडी जनावरं कुठली? सारी मिळून शंभर बी न्हाईत. लस करताना मी हुते तितल्या पशुसखीच्या संगट.”

काल न बघितलेला गावागावाचा आकडा मी आता काढला: निंबेवाडीचे सत्त्याण्णव होते. मी कपाळावर हात मारून घेतला. जिथं तेरा-दहाची जोडी होती तिथं मी तेराचाही दहा केल्यामुळे दोन दहा झाले होते, म्हणजे मथळ्यामागं आणि प्रत्येक नंबरामागं एक रिकामी ओळ, आणि ती रिकामी ओळही जनावर म्हणून मोजली जात होती. या घाईत मी तसंच फाटकावर पाठवलं असतं तर डॉक्टरांना दुसरा कागद लिहायला कारण मिळालं असतं. आधी जोडीचा एक दहा करायचा, मग एकट्या राहिलेल्या तेराचा दहा करायचा. हा क्रम उलटा चालत नाही. शिवाय रिकाम्या ओळी मोजायच्याच नाहीत. आणि एखाद्या गावाचं शून्य आलं तर गप्प न बसता पडद्यावर लाल अक्षरांत ओरडायचं.

चालवलं. निंबेवाडी सत्त्याण्णव. बोरटेक दोनशे चौदा. मावशीनं अकराही गावं एकेक करून वाचायला लावली, आणि प्रत्येकाला मान हलवली तेव्हाच उठली.

अकराच्या सुमारास आम्ही टेम्पोतून बाजारात पोचलो. बोरटेकची जनावरं फाटकाबाहेर बाभळीखाली उभी होती आणि राहीबाई आपल्या गायीचा कासरा धरून कुणालाही न जुमानता फाटकाच्या अगदी तोंडाशी बसली होती. मी नवा प्रोग्रॅम घातला. गोरक्षनाथनं तिच्या गायीचा नंबर टाकला. होय. तेरा जनावरांना ‘होय’ आलं आणि लोकांनी एकच गलका केला.

डॉक्टरसाहेब मात्र जागचे हलले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण पक्का होता. “सकाळी शून्य होते,” ते म्हणाले. “तुम्ही दोघी दुकानात जाऊन आलात आणि आता दोनशे चौदा झाले. प्रोग्रॅम तुमचा, यादी यांची. उद्या मला वरून विचारतील, मी काय सांगू?”

मला असा राग आला! मी तेरा आणि दहाचं सगळं सांगायला तोंड उघडलं, पण मावशीनं माझा हात दाबला.

“सायेब,” ती म्हणाली, “झालेली नका इचारू. न झालेली इचारा.”

“म्हणजे?”

“गावात जनावरं दोनशे एकतीस हायेत. सतरा ऱ्हायली. कोनती ऱ्हायली ते मी तोंडानं सांगते, बिल्ले तुमच्या सरकारी वहीत हायेत. तुमी सोता नंबर टाका. मी मिशिनीला हात लावत न्हाई, ही पोरगी बी लावनार न्हाई. आमी खोटी यादी केली आसती तर सारीच घातली आसती की. ही सतरा कशाला सोडली आसती?”

आम्ही दोघी फाटकापासून चार हात लांब उभ्या राहिलो. मावशी बोलत गेली. सरपंचांच्या दोन म्हशींना त्या दिवशी ताप होता. शाळेमागच्या वस्तीवर पाच वासरं अगदी लहान होती. अमक्याची गाय लशीनंतर आठवड्यानं विकत घेतलेली होती. डॉक्टर वहीत बिल्ला शोधायचे, स्वतः नंबर टाकायचे. नाही. नाही. नाही. सकाळी जो शब्द छातीत रुतत होता, तोच आता प्रत्येक वेळी मावशीच्या बाजूनं पडत होता. सोळा झाली. 

“आन् सतरावं?” गोरक्षनाथनं विचारलं.

मावशीनं रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बैलाकडे हात केला. “त्यो. चौदातला ह्योच एक ऱ्हायलाय.”

बैल धरून उभा होता बन्सी. तिचा सख्खा दीर. लशीच्या दिवशी बैल मरगळतो म्हणून त्यानं तो मळ्यात नेऊन लपवला होता. सकाळपासून तोही बाकीच्यांबरोबर ‘आमच्यावर अन्याय झाला’ म्हणून ओरडत होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “वैनी,” तो हळूच म्हणाला, “गिऱ्हाईक थांबलंय गं. आता समद्यांना सोडत्यात, त्यात जाऊ दे की एक.”

डॉक्टरांनी नंबर टाकला. नाही.

“मंगळवारी सकाळी गोठ्यात बांदून ठेव, मी येते,” मावशी म्हणाली. “आज बैल घरी ने.”

बन्सीनं तिच्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे. मग बैलाचं तोंड फिरवलं आणि रस्त्याला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

डॉक्टरांनी लिहिलेला कागद खिशातून काढला, दोनदा फाडला आणि गोरक्षनाथच्या हातातून माईक घेतला. भोंगा खरखरला. “बोरटेकची नोंद दोनशे चौदा आहे. सकाळी सांगितलं ते चूक होतं. लस भागिरथीबाईंनी टोचलेली आहे, आणि ज्यांना टोचलेली नाही तीसुद्धा मला बाईंनीच सांगितली.”  मग भोंगा चालू असतानाच त्यांनी मावशीला विचारलं, “बाई, बाकीच्या दहा गावांच्या याद्याही अशाच तपासून द्याल का? पुढच्या शुक्रवारपासून फाटकावर सही तुमची लागेल.”

सगळा बाजार उत्तर ऐकायला थांबला होता. मावशीनं डबा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

“दीन तपासून,” ती म्हणाली. “पन आदी ह्या तेरांना आत सोडा. सकाळधरनं उनात उभी हायेत.”